काळ्या पोतीतला काळा हिरा



नातवंडांच्या लग्नाचे दागिने घ्यायला मुंबईला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींच्या तोंडी हल्ली एक नवा शब्द ऐकू येतो, ब्लॅक डायमंड. इथल्या दुकानदाराच्या भाषेत यहालोम शाखोर. पूर्वी मंगळसूत्राच्या वाट्या सोन्याच्या असत आणि मणी काळ्या काचेचे. मणी फुटले तर पटवेकऱ्याकडे जाऊन चार पैशांत पोत पुन्हा ओवून घेतली जाई. आता सोनार सांगतो, काचेचे मणी जुने झाले, नातीसाठी काळ्या हिऱ्यांचं घ्या. अंगठ्या, कानातले, पुरुषांची कडी, सगळ्यांत हा काळा खडा दिसू लागला आहे.

हा शब्द ऐकून काहींना वाटतं की हिरा म्हणजे पांढरा, काळा हिरा ही शुद्ध फसवणूक आहे. काहींना वाटतं की काळा म्हणजे दुर्मिळ, तेव्हा तो पांढऱ्याहून मोलाचाच असणार. दोघांचंही पूर्ण बरोबर नाही. काळा हिरा खरोखरच असतो. पण त्या एका नावाखाली बाजारात निदान चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांच्या किमतींत जमीनअस्मानाचं अंतर आहे. आजीच्या पाटल्या मोडून हा दागिना करायचा असेल, तर त्या चारांतलं आपल्या हातात काय येणार हे आधी कळायला हवं.

नाव एक आणि वस्तू दुसरी, हे रत्नांच्या बाबतीत फार जुनं आहे. अहरोन हकोहेनच्या खोशेनमध्ये दुसऱ्या ओळीतला तिसरा खडा यहालोम होता, हे आपण वाचतो. आजच्या हिब्रूत यहालोम म्हणजे हिरा. पण त्या खड्यांवर इस्राएलच्या वंशांची नावं कोरलेली होती आणि त्या काळी हिऱ्यावर अक्षर कोरणं कोणाला जमलं असतं? म्हणून तो दुसराच एखादा खडा असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. शब्द राहिला, दगड बदलला.

शाळेत आपल्याला कोळसा म्हणजे काळा हिरा असं शिकवत. त्यात अर्धं सत्य होतं. कोळसा मुख्यतः कार्बन, हिरा तर शुद्ध कार्बन आणि पेन्सिलीत लिहायला जे शिसं म्हणतात ते ग्रॅफाइटही कार्बनच. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोल, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत अणू घट्ट बांधले गेले की हिरा होतो. बहुतेक हिऱ्यांचं वय शंभर कोटी वर्षांच्या पुढे आहे. हिरा तयार होताना त्यात ग्रॅफाइटचे किंवा लोखंडाच्या खनिजांचे बारीक कण अडकतात, भेगा पडतात. थोडे कण असतील तर त्याला आपण डाग म्हणतो आणि भाव उतरवतो. तेच कण इतके झाले की आत शिरलेला उजेड परत बाहेर येईना, तर सगळा खडा काळा दिसतो. म्हणजे काळ्या हिऱ्याचा काळेपणा हा माणकाच्या लालीसारखा अंगचा रंग नसतो, आत भरलेली काजळी असते. एक काळा ठिपका असला तर दोष आणि सगळा खडाच काळा असला तर गुण, असा हा व्यवहार आहे.

म्हणूनच हा खडा पांढऱ्या हिऱ्यासारखा लखलखत नाही. पांढऱ्याचे पैलू आतला उजेड उसळवून बाहेर टाकतात. काळ्याची चमक फक्त वरवरची असते, घासूनपुसून तेल लावलेल्या लोखंडासारखी. ज्यांना ती आवडते त्यांना फार आवडते. माझं मत विचाराल, तर गोऱ्या किंवा सावळ्या कोणत्याही गळ्यात पिवळ्या सोन्याशेजारी ती शोभून दिसते. पण लखलखाट हवा असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

अमेरिकेची जीआयए ही संस्था जगभर हिऱ्यांची पारख करते. पांढऱ्या हिऱ्यासाठी रंगाची आणि स्वच्छतेची लांबलचक श्रेणी ती लावते. काळ्यासाठी मात्र रंगाची एकच पायरी आहे, फॅन्सी ब्लॅक. फिका काळा, गडद काळा असे भेद नाहीत आणि स्वच्छतेची श्रेणी तर नाहीच. काजळीनेच भरलेल्या खड्याची स्वच्छता काय मोजणार? तेव्हा एखादा दुकानदार काळ्या हिऱ्याला व्हीव्हीएस वगैरे दर्जा सांगून जास्त पैसे मागू लागला, तर तिथेच सावध व्हावं.

नैसर्गिक काळ्या हिऱ्यांत एक निराळीच जात आहे. तिचं नाव कार्बोनाडो. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हिरे शोधणाऱ्यांना हे ओबडधोबड, कोळशासारखे दगड सापडू लागले आणि त्यांनीच पोर्तुगीज भाषेत त्यांना जळका, करपलेला अशा अर्थाचं हे नाव दिलं. साधा हिरा हा एकच स्फटिक असतो. कार्बोनाडो म्हणजे असंख्य बारीक हिऱ्यांचा एकमेकांत घट्ट गुंतलेला गोळा, मध्ये मध्ये छिद्रं असलेला. साध्या हिऱ्याला योग्य ठिकाणी घाव बसला तर तो सरळ रेषेत दुभंगतो. कार्बोनाडोत अशी सरळ रेषच नसते, त्यामुळे तो फोडणं फार कठीण. हाच गुण कामाला आला. १८६०च्या दशकात लेशो नावाच्या स्विस अभियंत्याने खडक पोखरणाऱ्या यंत्राच्या टोकाला असे दगड बसवले आणि पुढे खाणी व बोगदे खणण्यासाठी त्यांना मोठी मागणी आली. तेव्हा हा दागिन्याचा खडा नव्हता, हत्यार होतं.

१८९५ साली बाहियातल्या लेन्सोइस गावाजवळ सर्जिओ नावाने ओळखला जाणारा कार्बोनाडो मिळाला. वजन ३१६७ कॅरेट, म्हणजे सहाशे ग्रॅमहून अधिक. इंग्लंडच्या राजाच्या मुकुटात ज्याचे तुकडे बसवले आहेत तो प्रसिद्ध कलिनन हिरा १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत निघाला, तो ३१०६ कॅरेटचा. म्हणजे सर्जिओ त्याहूनही जड. पण कलिननचे तुकडे राजाच्या तिजोरीत गेले आणि सर्जिओचे बारीक तुकडे करून यंत्रांच्या टोकांना लावले. दोघेही हिरेच, नशीब मात्र वेगळं.

कार्बोनाडो ब्राझील आणि आफ्रिकेतलं मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या दोन देशांतच मिळतो. फार फार पूर्वी, मध्ये अटलांटिक समुद्र नव्हता तेव्हा, हे दोन्ही प्रदेश एकाच भूखंडात होते. इतर हिरे ज्या किंबरलाइट खडकात सापडतात, त्यात कार्बोनाडो कधी सापडलेला नाही. म्हणून तो पृथ्वीच्या पोटातला नसून आकाशातून आलेल्या अशनीतला असावा, असं मत काही शास्त्रज्ञांनी २००६ साली मांडलं. काहींना ते पटत नाही. वाद मिटलेला नाही, पण दुकानदार मात्र ‘अंतराळातला हिरा’ म्हणून विकून मोकळा होतो.

मग हे हत्यार दागिन्यात कसं आलं? तुरळक काळे खडे आधीही होते. सर्वांत प्रसिद्ध ब्लॅक ऑर्लोव्ह, ६७.५० कॅरेटचा. त्याची गोष्ट अशी सांगतात की तो पाँडिचेरीजवळच्या देवळात ब्रह्मदेवाच्या मूर्तीचा डोळा होता, कुणी साधूने तो चोरला आणि मग ज्याच्या हाती गेला त्याने जीव दिला. जाणकार या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत. एक तर भारतात असे काळे हिरे निघाल्याची माहिती नाही आणि ज्या रशियन राजकन्येचं नाव खड्याला दिलं आहे, ती होऊन गेल्याचाही पुरावा मिळत नाही. शापाची गोष्ट जोडली की खड्याचा भाव वाढतो, एवढाच त्यातला बोध.

खरी लाट आणली ती फवाझ ग्रुओसी या जिनिव्हातल्या जवाहिऱ्याने, १९९०च्या दशकात. इतर जवाहिरे ज्याकडे ढुंकून पाहत नव्हते तो काळा खडा त्याने पांढऱ्या हिऱ्यांच्या शेजारी बसवला आणि युरोपातल्या श्रीमंत बायकांना तो आवडला. त्याच्या डी ग्रिसोगोनो पेढीने मध्य आफ्रिकेतल्या ५८७ कॅरेटच्या कच्च्या दगडाला पैलू पाडून ३१२.२४ कॅरेटचा खडा तयार केला. जवळजवळ निम्मा दगड घासण्यात गेला. ही पेढी २०२० साली दिवाळखोरीत निघाली, फॅशन मात्र जगभर पसरली आणि सुरतेच्या कारखान्यांतून मण्यांच्या रूपाने आपल्या मंगळसूत्रापर्यंत आली.

इस्रायलमध्ये राहणाऱ्या आपल्याला आणखी एक खडा ओळखीचा वाटेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात ‘द एनिग्मा’ नावाचा काळा हिरा एकतीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. वजन ५५५.५५ कॅरेट, पैलू ५५. सगळीकडे पाचाचा आकडा का? तर त्याचा आकार खम्साच्या पंजावरून घेतलेला आहे. तोच पंजा जो इथे अर्ध्या घरांच्या दारावर आणि टॅक्सीवाल्याच्या आरशाला लटकलेला असतो. नजर लागू नये म्हणून इथे खम्सा आणि नजर लागू नये म्हणूनच तिकडे कोकणात तान्ह्या बाळाच्या मनगटात काळे मणी. एरवी लग्नकार्यात काळं वस्त्र वर्ज्य, पण मंगळसूत्राचे मणी काळेच हवेत, हेही त्याचसाठी. भारतात हल्ली काळा हिरा शनीचा खडा म्हणूनही खपवतात. पण रत्नशास्त्रात शनीचं रत्न नीलम आहे, काळा हिरा ही दुकानाने केलेली नवी भर.

आता आपल्या कामाचं. लिलावातले खडे निसर्गातूनच काळे आले होते. दुकानातले बहुतेक तसे नसतात. हिऱ्यांच्या व्यापारात करडा, डागाळलेला, भेगांनी भरलेला असा बराच माल निघतो. पांढरा हिरा म्हणून त्याला कोणी विचारत नाही. असे खडे हवा काढून टाकलेल्या भट्टीत हजार अंशांहून अधिक तापवले की भेगांच्या कडांवर हिऱ्याचंच ग्रॅफाइट होतं आणि खडा काळाभोर दिसू लागतो. हा खराच हिरा, खाणीतूनच आलेला, पण काळा केलेला. मंगळसूत्रातले आणि साखळ्यांतले बारीक मणी बहुतेक याच प्रकारचे. त्यात गैर काही नाही, मात्र तसं सांगून आणि त्या भावाने विकायला हवं. नैसर्गिक काळ्यापुढे त्याची किंमत अगदीच थोडी असते.

दुसरा उपाय किरणांचा. किरणांचा मारा करून हिरा इतका गडद हिरवा करतात की डोळ्यांना तो काळाच दिसतो. खालून जोराचा उजेड टाकला तर पातळ कडेला हिरवी झाक दिसते. किरण म्हटलं की आपल्या वयाच्या माणसाला धास्ती वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रुक्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने रेडियममध्ये ठेवून हिरे हिरवे केले होते आणि ते खडे पुढेही किरण सोडत राहिले. आजच्या पद्धती वेगळ्या आहेत. नियमाप्रमाणे तपासून बाजारात आलेला खडा अंगावर घालायला हरकत नाही.

चौथी वस्तू तर हिराच नाही. ती म्हणजे मॉयसनाइट, कारखान्यात तयार केलेलं सिलिकॉन कार्बाइड. हेन्री मॉयसन या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९३ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात उल्का पडलेल्या जागेच्या दगडांत हे खनिज पहिल्यांदा दिसलं, म्हणून हे नाव. काळं मॉयसनाइट फार स्वस्त असतं आणि ब्लॅक डायमंड म्हणून सर्रास विकलं जातं. दुकानदार पेनासारखं यंत्र खड्याला टेकवतो, ते टुंई करतं आणि तो म्हणतो, ‘बघा आजी, हिराच आहे!’ पण ते साधं यंत्र उष्णता किती भराभर वाहते एवढंच पाहतं आणि मॉयसनाइटमधूनही ती तशीच वाहते. म्हणून त्या टुंईवर भरवसा नको. एकाच आकारमानाचे दोन सुटे खडे घेतले तर मॉयसनाइट हिऱ्यापेक्षा शेकडा नऊ टक्क्यांच्या आसपास हलकं भरतं. झिरकॉन म्हणून जो नकली खडा मिळतो, तो उलट हिऱ्याच्या दीडपटीहून जड. पण हे सुट्या खड्याचं झालं. एकदा कोंदणात बसला की वजनावरून कळत नाही.

भिंगातून एक गोष्ट मात्र पाहता येते. खऱ्या काळ्या हिऱ्याचा, मग तो नैसर्गिक असो वा तापवलेला, पृष्ठभाग क्वचितच निर्दोष असतो. खाचा, बारीक खड्डे, पैलूंच्या कडांना तुटके दाते दिसतात. आरशासारखा गुळगुळीत, एकही व्यंग नसलेला खडा स्वस्तात मिळत असेल तर शंका घ्यावी.

पावतीवरचा एक शब्द फार घोटाळा करतो. ‘नॅचरल डायमंड’ लिहिलं म्हणजे हिरा खाणीतला, कारखान्यात वाढवलेला नाही. त्याचा काळा रंगही नैसर्गिक आहे असा त्याचा अर्थ होत नाही. तापवून काळा केलेला हिराही नॅचरल डायमंडच. म्हणून प्रश्न असा विचारायचा : ‘हिरा नैसर्गिक, ते कळलं. रंग नैसर्गिक की ट्रीटेड?’ आणि उत्तर तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्यायचं. एकटा मोठा खडा असेल तर तेउदा मागायची. जीआयएची प्रयोगशाळा २०१२ पासून रमात गानला आहे, तिथे सुटा खडा तपासतात. आयजीआय ही दुसरी संस्था घडवलेल्या दागिन्याचंही प्रमाणपत्र देते आणि तिची शाखा मुंबईत आहे. शंभर बारीक मण्यांच्या पोतीत एकेका मण्याचं प्रमाणपत्र कोणी देत नाही, तिथे पावतीवरचा शब्दच आपला पुरावा. भारतात सोन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक असतो तो जरूर पाहावा, पण तो सोन्याची ग्वाही देतो, खड्याची नाही. हॉलमार्क दाखवून ‘सगळं सर्टिफाइड आहे’ म्हणणारा अर्धंच सांगतो.

माझ्या मते मोठं नुकसान खड्यात होतच नाही, ते सोन्यात होतं. आपल्या आयांचे दागिने बहुधा २२ कॅरेटचे. काळ्या हिऱ्यांचे दागिने १८ किंवा १४ कॅरेटमध्ये घडवतात, कारण खडा धरायला कडक सोनं लागतं. इथे कॅरेट म्हणजे सोन्याची शुद्धता, २४ पैकी किती भाग. हिऱ्याचं कॅरेट हे वजन, एका ग्रॅमचा पाचवा भाग. शब्द एक, मापं दोन. समजा तुम्ही २० ग्रॅम वजनाच्या २२ कॅरेटच्या पाटल्या दिल्या. त्यांत शुद्ध सोनं सव्वाअठरा ग्रॅमहून थोडं अधिक. बदल्यात वजनाला वजन म्हणून १८ कॅरेटचा २० ग्रॅमचा दागिना मिळाला, तर त्यात शुद्ध सोनं १५ ग्रॅम. सव्वातीन ग्रॅमहून अधिक सोनं कुठे गेलं? शिवाय त्या २० ग्रॅममध्ये मण्यांचंही वजन धरलं असेल तर सोनं आणखी कमी. त्यावर मजुरी वेगळी. म्हणून खड्यांसकट वजन किती आणि निव्वळ सोन्याचं किती, हे दोन आकडे वेगळे लिहून घ्यावेत आणि हिशेब शुद्ध सोन्यावर करायला सांगावा. ओळखीच्या एका बाईंना आईचा चपलाहार मोडल्यानंतर महिन्याभराने हा हिशेब कोणीतरी मांडून दाखवला. तोवर हार वितळला होता.

पुढे कधी दागिना मोडीत काढायची वेळ आली, तर सोन्याचे पैसे त्या दिवसाच्या भावाने मिळतील. ट्रीटेड काळ्या मण्यांचे बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाहीत, फार तर घेतलेल्या दुकानात थोडंफार, तेही आधी लिहून घेतलं असेल तर. म्हणून काळे हिरे हौस म्हणून जरूर घ्यावेत, ठेव म्हणून नकोत. नातीला हौस असेल तर आजीचा दागिना अख्खा तसाच ठेवावा आणि काळ्या मण्यांची छोटी पोत वेगळ्या पैशांनी घ्यावी, असं मी सुचवेन.

घेतलाच तर थोडी निगा लागते. काळा हिरा कठीण असला तरी आतल्या भेगांमुळे ठिसूळ असतो. कार्बोनाडो सोडला, तर आपटल्यावर त्याची कड उडू शकते. अंगठीपेक्षा कानात आणि गळ्यात तो जास्त सुरक्षित. सोनाराकडच्या थरथरणाऱ्या पाण्याच्या यंत्रात तो धुवू देऊ नये, कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. डाग द्यायचा असेल तर खडे काढून घ्यायला सांगावं, कारण हवेत फार तापला तर हिरा चक्क जळतो आणि किरणांनी आलेला रंगही ज्योतीने बदलू शकतो. पैलू पाडलेले हिऱ्यांचे मणी एकमेकांवर आणि शेजारच्या सोन्यावर घासतात, दोरा कापतात. काचेचे मणी तसं करत नसत. तेव्हा वर्षातून एकदा पोत तपासून, लागली तर पुन्हा ओवून घ्यावी आणि रात्री झोपताना ती पांढऱ्या हिऱ्यांच्या किंवा मोत्यांच्या दागिन्यांसोबत एकाच डबीत न ठेवता वेगळ्या मऊ कापडात गुंडाळून ठेवावी.